घर लावायचं तर आधी गुडघ्यांवर या

घर सजवायची सुरुवात दुकानात जाऊन करू नका, जमिनीवर बसून करा. मूल रांगत असेल तर गुडघ्यांवर या, चालत असेल तर उकिडवे बसा, आणि तसेच सरकत सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारा. लाज वाटत असेल तर मूल झोपल्यावर मारा. मी पहिल्यांदा अशी फेरी मारली तेव्हा दोन वर्षं त्याच घरात राहूनही कधी न दिसलेल्या तीन गोष्टी सापडल्या: टेबलाच्या खालच्या अंगाला बाहेर आलेला खिळा, खिडकीच्या पडद्याच्या दोरीचा लोंबणारा फास, आणि सोफ्याखाली घरंगळलेली नाण्याएवढी बॅटरी. वरून पाहिलं तर घर अगदी छान लावलेलं होतं.

पुढचं सगळं त्या फेरीतूनच सुचत गेलं. आईबापांचा दिवस सांगण्यात जातो. हे उचल, तिकडे जाऊ नको, नीट बस, एवढा एक घास. माझा अनुभव असा की यातलं बरंचसं सांगणं घराच्या मांडणीवर ढकलता येतं. खुंटी हाताला पोचत असेल तर दप्तर जागेवर ठेवण्यासाठी दहा हाका लागत नाहीत. पाय टेकत असतील तर मूल आपोआप नीट बसतं. जेवण ठरल्या वेळी, ठरल्या जागी, मोजक्या पदार्थांनिशी समोर आलं तर ‘खा’ म्हणायचे प्रसंगही कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी धोका, मग रंग

पहिली फेरी संपली की हातात कागद-पेन घ्या. सगळ्यात वर लिहा: उंच कपाटं आणि ड्रॉवर. मुलांना ड्रॉवर ही शिडी वाटते. खालचे दोन-तीन खण उघडून त्यावर पाय दिला की कपाटाचं वजन पुढे येतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. उपाय साधा आहे: वरच्या बाजूला एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या लावून कपाट भिंतीला स्क्रूने आवळा. भिंत पोकळ असेल तर त्या भिंतीसाठीचाच प्लग वापरा, नाहीतर ओढ बसल्यावर स्क्रू प्लगसकट बाहेर येतो. जड सामान खालच्या खणांत ठेवा. टीव्ही स्टँडवर असेल तर त्यालाही मागून बांधा. वर खेळणं किंवा बिस्किटाचा डबा ठेवू नका, ते चढायला दिलेलं आमंत्रण असतं.

दुसरं, पडद्यांच्या दोऱ्या. फास असेल तर तो कापून दोन सुटी टोकं करा, आणि ती जमिनीपासून दीड मीटरपेक्षा उंचावर हुकाला गुंडाळून ठेवा. पाळणा किंवा पलंग खिडकीपासून लांब सरकवा.

तिसरं, ती चपटी गोल बॅटरी. रिमोट, थर्मामीटर, वजनकाटा, गाणी म्हणणारं शुभेच्छापत्र अशा कशातही ती असते. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. म्हणून ज्या वस्तूचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू मुलाच्या हातात द्यायची नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी त्रास दिसण्याची वाट पाहू नका, उलटी करवू नका, तडक रुग्णालय गाठा.

बाकी बारीक वस्तूंसाठी टॉयलेट पेपरची रिकामी नळी जपून ठेवा. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. मोठ्या भावंडाची खेळणी या परीक्षेत धडाधड नापास होतात, तेव्हा ती टेबलावर वापरायची आणि तिथूनच डब्यात भरायची, असा नियम करावा लागतो. गीझरचं तापमान 49 अंश सेल्सियसच्या वर ठेवू नका. 60 अंशांचं पाणी मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं.

आता रंग. घर जुनं असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर स्वतः खरवडायला बसू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्याहून उशिरा. कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते, ती जमिनीवर बसते, तिथून मुलाच्या हाताला आणि हातावरून तोंडात जाते. शिशाची अमुक मात्रा रक्तात असली तर चालते, अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी तपासणी करून घ्या. काम निघालंच तर जाणकार माणसाकडून करून घ्या, आणि ते होईपर्यंत मुलं आणि गरोदर बाई दुसरीकडे राहू देत.

नवा रंग घेताना छटेपेक्षा फिनिश बघा. मॅट रंग भिंतीचे खाचखळगे लपवतो, पण ओल्या फडक्याने पुसला की डाग पसरतो. किंचित चकाकी असलेला सॅटिन रंग पुसता येतो. मुलाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत तरी तोच असावा. वास कमी येणारा, लो-व्हीओसी (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) लिहिलेला डबा घ्या, तरीही खिडक्या उघड्या ठेवा आणि काही दिवस त्या खोलीत मुलाला झोपवू नका.

चित्रांचं म्हणाल तर कमीच लावा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये बालवर्गातल्या मुलांना चित्रांनी, तक्त्यांनी गच्च भरलेल्या वर्गात आणि साध्या भिंतींच्या वर्गात असं आळीपाळीने शिकवून पाहिलं. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि धडा कमी लक्षात राहिला. घर म्हणजे वर्ग नव्हे, पण मूल जिथे बसून चित्रं काढतं, जेवतं, झोपतं त्या तीन जागी तरी डोळ्यांना विसावा असावा. एखादी भिंत मुलाची म्हणून सोडा. तिच्यावर कागदाची मोठी गुंडाळी किंवा खडूने लिहायचा फळा लावा, आणि त्याची खालची कड जमिनीपासून फूटभरावर येऊ द्या. फ्रेम लावायच्या असतील तर मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकच्या. मोठ्या माणसांच्या उंचीवर लावलेलं हत्तीचं चित्र मुलाला खालून नुसतं चमकताना दिसतं.

पसारा: वस्तू कमी, जागा हाताशी

मुलांच्या मापाचं सामान ही कल्पना आज साधी वाटते. 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरींनी रोमच्या सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं आणि पुढे तिथे हलक्या छोट्या खुर्च्या, बुटकी कपाटं आणली, तेव्हा ती तशी नव्हती. मुलांना वस्तू स्वतः काढता-ठेवता येतात हे त्या कपाटांनी दाखवून दिलं. त्यासाठी महागडं लाकडी सामान लागत नाही. जुनं पुस्तकांचं कपाट आडवं करून भिंतीला बांधलं की झालं.

पसाऱ्यावर मी जे जे करून पाहिलं त्यात खेळण्यांची पाळी लावणं सगळ्यात उपयोगी पडलं. टोलिडो विद्यापीठातला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 36 लहान मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्या घरी ते असं केलं:

1. मूल घरात नसताना सगळी खेळणी जमिनीवर ओतली. मोडकी, अर्धवट, कुणालाच नको असलेली बाजूला काढली. निम्मा ढीग तिथेच संपला.
2. उरलेल्यांचे चार गठ्ठे केले. प्रत्येकात एक रचायचं, एक ढकलायचं, एक ‘घर-घर’ खेळायचं आणि एक डोकं लावायचं खेळणं येईल असं पाहिलं.
3. एक गठ्ठा उघड्या फळीवर, बाकीचे तीन खोक्यांत भरून नजरेआड.
4. आठवड्याला अदलाबदल. जिवाभावाची बाहुली या नियमात येत नाही, ती कायम बाहेर.

फळीवर प्रत्येक वस्तूची जागा ठरवा आणि तिथे त्या वस्तूचं चित्र चिकटवा. वाचता न येणारं मूलही ठोकळे ठोकळ्यांच्या जागी ठेवतं, कारण ते त्याला कोडं वाटतं. झाकणाची मोठी पेटी मात्र टाळा. तिच्यात भरणं सोपं, पण हवी ती वस्तू काढायची म्हणजे पेटी उलटी करणं आलं. आमच्याकडे अशी सुंदर पेटी होती. आता तिच्यात रजया आहेत.

कपड्यांचंही असंच. सकाळी दोनच जोड बाहेर ठेवा आणि त्यातला निवडू द्या. चपलांच्या जागी जमिनीवर पावलांची आकृती चिकटवा, खुंटी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर ठोका.

जेवायची जागा

एक प्रयोग स्वतःवर करा. पाय लोंबतील अशा उंच स्टुलावर बसून वाटीभर सूप प्या. पाच मिनिटांत तुम्ही हलू लागाल, पाय दांडीला अडकवाल, कोपर टेबलावर टेकवाल. मोठ्यांच्या खुर्चीवर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाची प्रत्येक जेवणात हीच गत होते आणि आपण त्याला चुळबुळ्या म्हणतो.

बसण्याचं माप असं घ्या: कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही साधारण काटकोनात, तळवे कशावर तरी पूर्ण टेकलेले, आणि टेबलाचा पृष्ठभाग कोपरांच्या पातळीला. पाठीशी पोकळी राहत असेल तर घट्ट उशी ठेवा. नॉर्वेचे रचनाकार पीटर ऑप्सविक यांनी आपला मुलगा मोठ्यांच्या टेबलाशी नीट बसू शकत नाही हे पाहून 1972 मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची खुर्ची बनवली. तिची बैठक आणि पायफळी दोन्ही खाचांत वरखाली सरकतात आणि खुर्ची मुलाबरोबर वाढते. ती किंवा तसली खुर्ची घेणं जमलं तर उत्तम. नाहीतर साध्या खुर्चीच्या पुढच्या पायांना आडवी फळी घट्ट आवळून बसवा किंवा पायाखाली मजबूत लाकडी खोकं ठेवा. खोकं सरकू नये म्हणून खाली रबराचा तुकडा लावा. अगदी लहान मुलाला पट्टा हवाच. जमिनीवर बसून जेवणाऱ्या घरात हा प्रश्नच येत नाही, फक्त ताट मांडीपेक्षा थोडं उंच ठेवलं की घास सांडत नाही.

टेबलावर टीव्ही नाही, फोन नाही. आपलाही नाही. हे मला मुलांपेक्षा जड गेलं.

खुर्चीखाली पुसता येईल असा प्लॅस्टिकचा तुकडा अंथरा आणि सांडण्याबद्दल बोलणं बंद करा. एक ओलं फडकं मुलाच्या हाताशी ठेवा. दीड-दोन वर्षांचं मूल ते आनंदाने फिरवतं. पुसलं जातं असं नाही, पण काम कोणाचं आहे हे कळतं.

कोणी काय ठरवायचं

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची एक वाटणी सुचवली आहे, आणि भरवण्याबद्दल मला मिळालेल्या सल्ल्यांत तीच सगळ्यात टिकली. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं आहे. पण समोर ताट तसंच पडलेलं असताना गप्प बसणं हे पालकत्वातल्या अवघड कामांपैकी एक आहे.

ते सोपं व्हावं म्हणून एक गोष्ट माहीत असलेली बरी. बाळाचं वजन साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. म्हणजे ‘आधी सगळं खायचा, आता काही खातच नाही’ ही तक्रार पहिल्या वाढदिवसानंतरच का सुरू होते याचं बहुतेक वेळा साधं कारण हेच असतं. त्यात बरीचशी मुलं दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान नव्या पदार्थाला बिचकतात. हा हट्ट नव्हे, वयाचा भाग आहे.

मात्र वजन घटत असेल, वाढीच्या तक्त्यावरची रेष खाली जात असेल, मूल गिळताना ठसकत असेल किंवा एकामागून एक पदार्थ कायमचे सोडत जाऊन मोजकेच उरले असतील, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

आता घड्याळ. एक ते पाच वर्षांच्या मुलाला तीन जेवणं आणि दोन मधली खाणी पुरतात, दोन खाण्यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवून. मधल्या वेळात फक्त पाणी. हातात बिस्किट, तासाने दूध, मग अर्धं केळं, असं दिवसभर चरत राहिलेल्या मुलाला जेवायला बसल्यावर भूक नसते, आणि त्यात त्याचा दोष नसतो. जेवणाला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग ताट उचलायचं, चेहऱ्यावर नाराजी न दाखवता. पुढचं खाणं कधी आहे ते सांगायचं. पहिले चार-पाच दिवस रडारड होते. पाचव्या दिवशी धाकटा खुर्चीवर स्वतः चढून बसला होता.

वाढताना प्रत्येक पदार्थाचा वयाच्या वर्षाला एक मोठा चमचा, हे सुरुवातीचं माप. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे डाळ, दोन चमचे भाजी. ते संपवून त्याने आणखी मागणं हे मोठ्या ढिगातलं उरवण्यापेक्षा दोघांनाही बरं वाटतं.

ताटात काय

मोठ्या मुलांसाठी ढोबळ हिशेब: अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य, पाव ताट डाळ-कडधान्य, अंडं, मासे किंवा मांस. दोन वर्षांखालच्या मुलाला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. त्याचं पोट लहान असतं, त्यामुळे त्याला स्निग्ध पदार्थ लागतात. तेल, लोणी, साय यांत काटकसर नको, आणि साय काढलेलं दूध तर नकोच.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं खाणं आणि जोडीला दोन वर्षं किंवा पुढेही अंगावरचं दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वरच्या खाण्यात पहिल्या दिवसापासून लोहाकडे बघा, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास उतरू लागतो. चांगल्या शिजलेल्या, घोटलेल्या डाळी, अंडं, मांस यांतून लोह मिळतं. डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत लागते, म्हणून डाळीवर लिंबू पिळा किंवा सोबत संत्र्याची फोड, टोमॅटो द्या. चहा उलट काम करतो. मुलाला जेवणाबरोबर तर तो अजिबात नको.

दुधाचा अतिरेक हे पोट भरलेलं पण लोह कमी असण्याचं नेहमीचं कारण. दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरे, तेही पेल्यातून आणि खाण्यानंतर. बाटली सुटली की भूक परत येते, हे आमच्या दोन्ही मुलांच्या बाबतीत आठवडाभरात दिसलं.

साखरेबद्दल मी कडक आहे, घरात त्यावरून वादही झाले आहेत. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर नको, आणि त्यानंतर 18 वर्षांपर्यंत दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सहा चहाच्या चमच्यांच्या आत, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 मध्ये सांगितलं. पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, घट्ट केलेला फळांचा रस ही सगळी साखरेचीच नावं. वर्षाच्या आत फळांचा रस नको, एक ते तीन वर्षांत दिवसाला 120 मिलीच्या वर नको. आख्खं फळ केव्हाही बरं. मध पहिल्या वर्षात अगदी बोट चाटवण्यापुरताही नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात.

शेंगदाणे आणि अंडी ‘उशिरा द्या’ हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाने 2015 मध्ये 640 बाळांवरचा अभ्यास मांडला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या या बाळांपैकी ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा मिळाला त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. द्यायचा तो बारीक कूट करून, पेजेत किंवा दह्यात मिसळून. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आख्खा दाणा मात्र नाही. घशात अडकण्याचा धोका चार वर्षांपर्यंत बराच असतो. आख्खे शेंगदाणे, बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे टाळायचे. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चिरून चार फाका करायच्या. आडव्या चकत्या श्वासनळीच्या तोंडावर झाकणासारख्या बसतात. पळत, झोपून किंवा गाडीत मागे एकटं बसून खायचं नाही.

नको म्हटलेल्या भाजीचं काय करायचं

मुलांच्या खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या लीअन बर्च यांच्या आणि त्यांच्या मागून झालेल्या अभ्यासांत दिसलं की एखादा नवा पदार्थ आवडायला आठ ते पंधरा वेळा समोर यावा, चाखला जावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकाराला ‘याला वाटाणे आवडत नाहीत’ असा शिक्का बसतो. आमच्याही बसला होता.

पद्धत अशी ठेवा. प्रत्येक जेवणात मूल नक्की खातं असा एक साधा पदार्थ असावा, म्हणजे ते उपाशी उठणार नाही. त्याच्या शेजारी नवा पदार्थ एक चमचा, हवं तर वेगळ्या छोट्या वाटीत. काही म्हणायचं नाही. हात लावला, वास घेतला, चाटला, तोंडातून काढून रुमालात ठेवला, हे सगळं मोजणीत धरायचं. दोन दिवसांनी तोच पदार्थ वेगळ्या रूपात: उकडलेलं गाजर, मग किसून भातात, मग भाजून लांब काप. तुम्ही स्वतः तो समोर बसून खा. त्यासाठी वेगळं स्वयंपाकघर चालवू नका. एकदा ‘मग तुला दुसरं करून देते’ सुरू झालं की रोज दोन स्वयंपाक होतात.

जबरदस्ती उलटते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या 2006 च्या एका अभ्यासात मुलांना दोन सूप दिली. एकावर ‘सूप संपव’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं, दुसऱ्यावर काहीच नाही. सांगितलेलं सूप मुलं कमी प्यायली आणि त्याच्याबद्दल वाईट जास्त बोलली. बक्षिसाचंही तसंच. ‘भाजी संपव, मग गोड देईन’ म्हटलं की भाजी शिक्षा ठरते आणि गोड आणखी मोलाचं होतं. गोड करायचंच असेल त्या दिवशी छोटी वाटी ताटाबरोबरच वाढून टाका. विचित्र वाटेल, पण ती आधी संपते आणि मग मूल निमूट जेवतं.

आठवड्याचं स्वयंपाकघर

दमलेल्या संध्याकाळी पौष्टिक काही सुचत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी दीड तास काढा. पूर्ण पदार्थ नाही, सुटे भाग तयार करा: दोन प्रकारची कडधान्यं भिजवून शिजवलेली, एक धान्य, दोन-तीन भाज्या धुऊन चिरलेल्या, उकडलेली अंडी, आणि एखादी टोमॅटोची घट्ट ग्रेव्ही. रोज यांच्या जोड्या बदलायच्या. तीन-चार दिवसांत न संपणारं आधीच फ्रीझरमध्ये टाका.

दोन ठिकाणी हयगय नको. शिजलेला भात बाहेर ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात, कोमट भातात वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. आणि राजमा. त्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन हे द्रव्य अर्धकच्चं राहिलं तर तासाभरात उलट्या सुरू करू शकतं. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळ उकळा आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही. बाकी शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर नको आणि फ्रीज 5 अंशांच्या खाली.

फ्रीजचा खालचा एक कप्पा मुलांचा करा: चिरलेली फळं, दह्याच्या वाट्या, उकडलेले कणसाचे तुकडे. मधल्या खाण्याच्या वेळी त्यातलं काहीही एक स्वतः काढायची मुभा. आपण आधीच निवडलेलं असल्याने त्याने काहीही निवडलं तरी चालतं.

ओट्याशी मुलाला उभं करायला कठडा असलेलं स्टूल वापरा आणि ते शेगडीपासून लांब ठेवा. भांड्यांच्या दांड्या आत वळवा, उकळती भांडी मागच्या बर्नरवर. दोन वर्षांचं मूल भाजी धुतं, पानं तोडतं. तीन-चार वर्षांचं कुस्करतं, ढवळतं. पाच-सहा वर्षांचं बोथट सुरीने केळं, उकडलेला बटाटा कापतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण शेजारी उभे असताना खरी सुरी धरायला शिकवता येते. मोठीने सोललेले वाटाणे एकदा सोलता सोलताच अर्धे संपले, आणि ‘वाटाणे आवडत नाहीत’ हा शिक्का गळून पडला.

रात्रीची घडी

रात्रीच्या जेवणानंतर दिवे मंद करा, पडदे बंद करा, स्क्रीन तासभर आधी बंद. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12. दिवसाची झोप आणि उठायची वेळ धरून मागे मोजत आलात की जेवणाची वेळ आपोआप सापडते. आमच्याकडे ती आम्हाला वाटत होती त्यापेक्षा पाऊण तास आधी निघाली, आणि रात्रीच्या जेवणातल्या बऱ्याच रडारडीचं मूळ दमणं हेच होतं.

आवराआवर दहा मिनिटांची, सगळ्यांनी मिळून. राहील ते राहील.

मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवत असालच. दर सहा महिन्यांनी ती खूण कराल त्याच दिवशी पुन्हा गुडघ्यांवर फेरी मारा. खुंट्या वर, पायफळी एक खाच खाली, चित्रं डोळ्यांच्या रेषेत, आणि ओट्यावर जिथपर्यंत आता हात पोचतो तिथली सुरी आणखी मागे.